परदेशाची पिशवी

"साहेब, माझ्या एक पेशंट औषध घेत नाहीयेत. म्हणतात, आधी पोलीस आणा, मग चमचा तोंडाशी आणा."

डॉक्टरांचा हा फोन आला तेव्हा तपासनीस नुकताच डबा उघडून बसले होते. त्यांनी तो तसाच मिटला.

"चोरी झाली आहे?"

"त्या तसं म्हणतात. घरचे म्हणतात, तापात बरळतायत. ताप नाहीये, मी बघितलाय." डॉक्टरांनी आवाज उतरवला. "आणि साहेब, वेळ फार नाही त्यांच्याकडे. एखादा आठवडा धरा."

तपासनीस निघाले. वाटेत त्यांच्या मनावर मळभ दाटून आले होते. खिसेकापू, घरफोडे, दरोडेखोर अशा नाना जातीच्या चोरांशी त्यांचा आयुष्यभर संबंध आला होता, आणि उघड चोराविषयी त्यांच्या अंतःकरणात एक प्रकारची सहानुभूतीच वसत असे. परंतु एका ताटात जेवणाऱ्यांनी एकमेकांचे खिसे कापावेत, या प्रकाराची त्यांना मनस्वी किळस होती. आणि आजारी बाईच्या उशाशी झालेली चोरी म्हणजे बहुधा हाच प्रकार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

ते घर म्हणजे खाली धुलाईचे दुकान आणि वर बिऱ्हाड. खाली साऱ्या वस्तीचे मळके कपडे गाठोड्यांनी येत आणि पांढरेशुभ्र होऊन घडीघडीने जात. वाफेचा आणि साबणाचा सुवास जिन्याच्या मध्यापर्यंत सोबतीला आला. तेथून पुढे त्या सुवासाच्या तळाशी दडलेला दुसरा वास सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या देहाचा.

म्हातारी आई उंच उशीला टेकून पडली होती. देह काडीसारखा झालेला, परंतु नजर शाबूत.

"खुर्ची पुसून बसा," ती म्हणाली. "तिच्यावर कुणी बसत नाही."

तपासनीसांनी ती आरामखुर्ची पुसली. "काय चोरीला गेलं, मावशी?"

"माझा धाकटा."

तपासनीसांची लेखणी थबकली. "मुलगा?"

"आधी पैसे गेले, मग मुलगा गेला. तुम्ही पैशांपासून लिहा. तुम्हाला सोपं पडेल."

हकिकत अशी होती. धाकटा पुत्र बरीच वर्षे परदेशी होता. तेथे तो मालमोटार हाकीत असे. तेथेच लग्न केले, दोन मुली झाल्या. मुलीचा जन्म असो, वाढदिवस असो, नवे घर असो, प्रत्येक प्रसंगी या घरातून त्यांना पैशांची भेट जात असे. याच खोलीच्या दारामागच्या खिळ्यावर, अंथरुणावरून दिसणार नाही अशी, एक कापडी पिशवी टांगलेली होती. तिला 'परदेशाची पिशवी' म्हणत. ज्याने त्याने आपल्या इच्छेप्रमाणे त्यात नोटा टाकाव्यात. काही दिवसांनी पिशवी रिकामी होई. भेट गेली, असे सर्वांनी समजावे. कोणी किती टाकले, कोणी पाठवले, हे कोणी विचारायचे नाही. दिलेलं बोलायचं नाही, ही त्या घराची रीत होती.

"ही रीत कुणी घातली?"

"यांनी म्हणे." म्हातारीने समोरच्या तसबिरीकडे हनुवटी उडवली. तसबिरीत तिचे दिवंगत यजमान नव्या जावयाला मनगटी घड्याळ देत होते. घड्याळ फोटोत नीट यावे म्हणून त्यांनी ते छातीपेक्षा उंच धरले होते. "जाताना लेकीच्या कानात सांगून गेले, असं ती म्हणते. मला नवल वाटलं. ते घड्याळ द्यायच्या आधी या माणसानं अख्ख्या गल्लीला दाखवून आणलं होतं. पण म्हटलं, मरताना माणूस बदलत असेल."

"आणि आता काय झालं?"

"मला धाकट्याला बघायचंय. त्याला यायला परवडत नसेल, म्हणून बांगड्या मोडल्या. तिकिटाचे पैसे पिशवीत टाकायला लावले. पिशवी रिकामी झाली, पण तो काही आला नाही. परवा ताई औषध आणायला गेली होती, तेवढ्यात डॉक्टरांकडून फोन लावून घेतला. विचारलं, पैसे मिळाले ना रे? तर म्हणतो, कसले पैसे आई? तुम्ही कधी एक नोट तरी पाठवलीत का माझ्या मुलींना? आणि ठेवून दिला."

म्हातारीचा श्वास लागला. तो स्थिर होईपर्यंत तपासनीस खाली मान घालून बसले.

"मरायची भीती नाही मला, साहेब. पण माझा मुलगा मला चिक्कू समजून बसलाय, तसं मरायचं नाहीये. कुणी घेतले ते शोधा. त्याला कळू द्या. कळलं की येईल तो."

"शोधतो. तुम्ही आता थोडं झोपा."

"झोप? या गादीवर? दिवसरात्र टक्क जागी असते मी. पाठीत काहीतरी रुततं मेलं. धोंड्यावर निजवल्यासारखं."

"जखमा आहेत, साहेब. पडून पडून होतात," दारातून आवाज आला.

कोमट पाण्याचे भांडे घेऊन घरची लेक आत आली. तिला सारे ताई म्हणत. नवऱ्यासह ती माहेरीच राहात असे. तिने एका हाताने आईची मान पेलली, दुसऱ्याने कूस बदलली, आणि म्हातारी हूं की चूं न करता वळली. असे हात ज्या घरात आहेत त्या घराचे भाग्य थोर, असे तपासनीसांच्या मनात आले.

ते खाली दुकानात उतरले. थोरला पुत्र इस्त्रीच्या यंत्राशी उभा होता.

"पिशवी कोण रिकामी करायचं?"

"जावईबापू. दुसरं कोण? परदेशी पैसे पाठवायच्या ऑफिसात खिडकीवर बसतात ना ते."

"तुम्ही त्यांना कधी विचारलंत?"

"विचारायचं नसतं, साहेब. वडिलांची रीत आहे."

"तुम्हाला वडिलांनी सांगितली?"

"ताईनं सांगितली. शेवटच्या दिवसांत तीच होती त्यांच्याजवळ."

"तुम्ही कुठे होता?"

"दुकान कोण बघणार? आणि..." थोरल्याने यंत्राचे झाकण दाबले. वाफ फुसफुसली. "मला ते वास वगैरे सहन होत नाहीत. पहिल्यापासून."

साऱ्या वस्तीचे घामट सदरे हाताळणाऱ्या त्या माणसाकडे तपासनीस काही काळ पाहात राहिले.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती.

"टाकायचे ना. चांगले घसघशीत टाकायचे," ती म्हणाली. "तिकडे गाड्या उडवतात, तरी आमच्या पिशवीवर डोळा. साधं 'पोचले' म्हणायची दानत नाही. पण बोलायचं नाही ना. आम्ही आपले तोंडाला कुलूप लावून बसलो."

"सासूबाईंच्या खोलीत तुम्ही जाता?"

"दारातून विचारते की, काय हवंनको."

"पिशवी खोलीत आहे."

"दारामागेच तर आहे. श्वास धरायचा, हात घालायचा, बाहेर यायचं."

"त्यांचं अंथरूण कोण बदलतं?"

"अगबाई, ताईच. त्यांना सवय आहे."

जावई आपल्या खिडकीवर भेटला. काचेआड बसलेल्या त्या गृहस्थाचा चेहरा प्रश्न ऐकताच पांढरा पडला.

"माझ्या खिडकीतून? साहेब, या घरचा एक पैसा कधी गेला नाही."

"मग तुम्हाला काय वाटायचं, कोण पाठवतं?"

"मेहुणे. दुसरीकडून कुठूनतरी. म्हटलं, जावयावर विश्वास नसेल. घरात माणूस याच धंद्यात असताना पैसे बाहेरून पाठवतात, म्हणजे काय? अपमान गिळला झालं. विचारायची सोय नव्हती."

"बायकोला विचारायचं."

"विचारलं एकदा. म्हणाली, तुम्हाला रीत ठाऊक आहे ना."

तपासनीसांनी आवाज खाली आणला. "समजा, तुमच्या घरातल्या कुणी गुपचूप कुठल्या बँकेत पैसे ठेवले. तुम्हाला कळेल?"

प्रथमच त्या माणसाच्या मुखावर थोडी ऐट उमटली. "दुपारच्या चहाला आम्ही सगळ्या बँकांची माणसं एकाच टेबलाला असतो, साहेब. गावात कुणी नवीन खातं उघडलं तर मला बिस्किट संपायच्या आत कळतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे ते. तेवढ्यावरून चिडवतात मला."

त्याच्या साहेबांनीही पुष्टी दिली. त्या कुटुंबाची एकही रक्कम त्या कचेरीतून गेलेली नव्हती.

स्वयंपाकघरात ताई आईसाठी पेज गाळत होती.

"ही न बोलायची रीत मूळ कुणाची, ताई?"

"आईची," ती शांतपणे म्हणाली. "तिनंच मला शिकवलं. दिलेलं बोललं की त्याचं मोल जातं, म्हणायची."

"धाकट्याचा फोन यायचा?"

"कधीतरी. घाईतच असायचा. आईशी बोल म्हटलं तर, नंतर करतो म्हणायचा."

तिने पेज वाटीत ओतली, आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि वर गेली. तिच्या वहाणांचे बंद सुतळीने बांधलेले होते.

आपल्या कचेरीत परतल्यावर तपासनीसांनी परदेशी फोन लावला. धाकट्याचा आवाज प्रथम करडा होता.

"आता पोलिसांकरवी बोलावणं? मला तिकडे कुणी विचारत नाही, साहेब. मी मात्र दर सुट्टीला फोन करायचो."

"कुणी उचलायचं?"

"ताई. आई झोपलीये, म्हणायची. दरवेळी आई झोपलेलीच. शेवटी समजलो, हा म्हणजे नको असण्याचाच एक प्रकार आहे. सोडून दिलं."

तपासनीसांनी फोन ठेवला. डबा तसाच पडला होता. त्यांना आता अन्नाची वासनाच उरली नव्हती.

ते पुन्हा त्या घरी पोचले, तेव्हा जिन्यातच कलकलाट ऐकू आला. थोरल्याने जावयाची गचांडी धरली होती.

"चोर खिडकीत बसलाय आणि हे आमची चौकशी करतायत. काढ ते घड्याळ. बापाचं आहे ते."

"सासऱ्यांनी दिलंय, तुम्ही नाही. आणि तुमच्या मुलाची फी कुणी भरली दोनदा, ते काढू का?"

"अहो, फुकट राहता ते काढा आधी," वहिनीने मध्ये टोला हाणला.

ताई भिंतीशी उभी राहून आपल्या नवऱ्याची ही अवहेलना पाहात होती. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"पुरे," ते म्हणाले. "सगळे आईंच्या खोलीत चला. आत. दारात नव्हे."

सारे आत आले. वहिनीने नाकाला रुमाल लावला. थोरला खिडकीशी जाऊन उभा राहिला. म्हातारीने एकेकाकडे पाहून घेतले.

"मावशी, तुमच्यासमोर बोलू की बाहेर?"

"माझ्यासमोर. फिर्याद माझी आहे."

"ठीक. मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधली. पैसे कोणी घेतले, ही नव्हे. न बोलायची रीत कोणी घातली, ही. कारण ही चोरी त्या रीतीच्या पोटातच जन्मली आहे. थोरल्यांना वाटत होतं, जावई पाठवतात. जावयांना वाटत होतं, थोरले पाठवतात. धाकट्याला वाटत होतं, कुणीच पाठवत नाही. एकानं एकदा तोंड उघडलं असतं, तरी सगळं उघडं पडलं असतं. मग तोंडं बंद राहण्यात फायदा कुणाचा?"

तपासनीस तसबिरीखाली जाऊन उभे राहिले.

"मावशी म्हणाल्या, रीत वडिलांची, लेकीनं सांगितली. थोरले म्हणाले, वडिलांची, ताईनं सांगितली. ताई मला काय म्हणाल्या? रीत आईची, आईनं शिकवली. आईला वडिलांचं नाव सांगायचं, पोलिसाला आईचं. आता ती तसबीर बघा. ज्या माणसानं घड्याळ गल्लीभर मिरवून मग दिलं, तो दिलेलं झाका म्हणून सांगून जाईल? ही रीत कुणा पूर्वजाची नाही. वडील गेल्यावर ती तयार केली गेली."

जावयाने बायकोकडे वळून पाहिले. ती तपासनीसांकडे पाहात होती.

"दुसरी गोष्ट. धाकटे फोन करायचे. ताई सांगायच्या, आई झोपलीये. या बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे मला बसल्या बैठकीला कळलं. जिला झोपच नाही, ती दरवेळी झोपलेली कशी? त्या दोघांचं बोलणं होऊ द्यायचं नव्हतं. बोलणं झालं असतं तर आई एक दिवस विचारणारच होती, पैसे पोचले का. आणि परवा ताई घराबाहेर गेल्याबरोबर तेच झालं."

"अहो, पण पैसे?" थोरला म्हणाला. "एवढे पैसे गेले कुठे? तिच्या अंगावर नवं लुगडं नाही."

"तेच म्हणतो. या घरात कुणाच्याच अंगावर नवं काही दिसलं नाही मला. पैसे खर्च झालेले नाहीत. बँकेतही गेलेले नाहीत. गेले असते तर चहाच्या टेबलावर जावयांना कळलं असतं, आणि हे घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे पैसे याच घरात आहेत. अशा जागी, जिथे एका माणसाशिवाय कुणाचा हात जात नाही." तपासनीस थोरल्याकडे आणि वहिनीकडे वळले. "तुम्ही दोघं पुढे या. आईंना उचला."

वहिनीचा रुमाल नाकावर घट्ट झाला.

"मी उचलते," ताई झटकन पुढे झाली. "यांना जमायचं नाही. जखमा उघड्या पडतील तिच्या."

"तुम्ही भिंतीशीच थांबा."

थोरल्याने हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. आपल्या जन्मदात्रीला धरावे कोठे, हे त्याला उमगत नव्हते. शेवटी जावयाने तिच्या खांद्याखाली हात घातला, थोरल्याने पाय धरले, आणि म्हातारीला आरामखुर्चीत ठेवण्यात आले. तपासनीसांनी गादी उलटली.

खालच्या बाजूची शिवण एका हातभर लांबीत नव्या दोऱ्याची होती. ती उसवताच आतून दुकानाच्या पारदर्शक पिशव्या निघाल्या. इस्त्रीचे कपडे ज्यात घालून देतात, त्या. त्यांत नोटांच्या जुड्या घट्ट आवळून बसवल्या होत्या. पिशव्यांची तोंडे नीट बंद नव्हती. वर्षानुवर्षांची ओल आत झिरपली होती. नोटांवर पिवळे डाग पडले होते आणि काही एकमेकींना चिकटून कुजल्या होत्या. दर्प असा उसळला, की खुद्द तपासनीसांनी तोंड फिरवले. मृतदेह पाहूनही जे कधी डगमगले नव्हते, त्यांनी खिडकीशी जाऊन दोन वेळा दीर्घ श्वास घेतला.

"वाढदिवसांच्या भेटी," ते परतून म्हणाले. "आणि बांगड्यांचे पैसे. आई त्यांच्यावरच निजत होत्या. पाठीत रुतत होतं ते हे. त्या सांगत होत्या, आणि तुम्ही सगळे जखमा म्हणत होता. जखमाही खऱ्याच. त्या कशानं चिघळल्या, ते आता बघा."

वहिनी ओकारी देत बाहेर पळाली.

ताईच्या आवाजात कंप नव्हता. "मी इथे राहिले. बाबांचं केलं, आईचं केलं. यांनी कुणी वाटीभर पाणी तरी आणलं का वर? तो निघून गेला, तर त्याला भेटी. जाण्याची बक्षिसं. राहणाऱ्याला कोण पाकीट देतं, साहेब? आई गेली की मी हे घेऊन निघणार होते. माझं मोल मी वसूल केलं."

"मोल मागता आलं असतं," तपासनीस म्हणाले. "मी तुमचीच बाजू घेतली असती. तुम्ही पैसे घेतलेत, ते एक वेळ समजतं. पण मुलाला वाटावं आईला मी नको, आणि आईला वाटावं मुलगा कृतघ्न, ही व्यवस्था तुम्ही रोज हातानं लावलीत. पेज भरवता भरवता. आत्ता नवऱ्याची गचांडी धरली गेली, तेव्हाही तुम्ही गप्प होतात. चोरी याहून स्वच्छ असते, ताई."

जावई मनगटावरचे घड्याळ उगाच फिरवत राहिला.

म्हातारी इतका वेळ त्या उसवलेल्या गादीकडे पाहात होती. ती म्हणाली, "फोन लाव त्याला. तू लाव. तू सांग."

ताईने क्रमांक फिरवला. तो तिला मुखोद्गत होता. तिने सांगितले, एकेक शब्द, मान खाली न घालता. मग तपासनीसांनी फोन घेऊन म्हातारीच्या कानाशी धरला. धाकटा काय बोलला ते त्यांना कळले नाही. म्हातारी एवढेच म्हणाली, "हो. जागी आहे मी." आणि थोड्या वेळाने, "पोरींनाही आण."

फोन संपल्यावर तिने भिंतीकडे तोंड केले. "हिला न्या आता."

गाडीत ताई मागच्या आसनावर बसली. चालकाने गाडी सुरू केली, तेव्हा ती काचेजवळ सरकली.

"साहेब, वहिनीला सांगाल? आईला पुसायचं पाणी कोमट लागतं. गार लावलं की ती दचकते, आणि मग तिला धाप लागते. आणि डाव्या कुशीवर ठेवायचं नाही."

तपासनीसांना तिच्याकडे पाहवेना. या बाईने आईच्या पाठीखाली तिचेच काळीज कुजवले होते, आणि पाण्याची ऊब मात्र तिच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदाव्यात, याची त्यांना साऱ्या दिवसातली सर्वांत मोठी शिसारी आली.

"थांबव गाडी," ते चालकाला म्हणाले.

ते जिना चढून वर गेले. खोलीत दुसरी गादी घातली होती, परंतु म्हातारी अजून खुर्चीतच होती. थोरला स्वच्छ चादर दोन्ही हातांत धरून पलंगापाशी उभा होता. दुकानात हजारो चादरींच्या घड्या घातलेला तो माणूस तिची एकही बाजू कोठे खोचावी हे न कळून आईच्या तोंडाकडे पाहात होता.

तपासनीसांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या दुमडल्या.

"पाणी तापवा," ते म्हणाले. "कोमट. आणि तुम्ही डोक्याकडून धरा, मी पायांकडून धरतो."